पाया की कळस? : अमेरिकी तरुणांचे विवाह आणि विवाहाचा बाजार

(एका कौटुंबिक मेळाव्यात झालेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



अमेरिकेतील विवाहसंस्थेविषयी आपल्याकडे दोन मते फार ठामपणे मांडली जातात. एक मत असे की, तेथे विवाह नावाचे काही उरलेलेच नाही. आज लग्न आणि उद्या घटस्फोट असा सारा मामला आहे. दुसरे मत चित्रपट आणि दूरचित्रवाणी मालिका पाहून बनलेले असते. त्यात समुद्रकिनारा असतो, पांढराशुभ्र पायघोळ पोशाख असतो, फुलांची कमान असते आणि सारे काही गोडच असते. पहिले मत बाळगणारे नाक मुरडतात, दुसरे मत बाळगणारे आपल्या मुलामुलींच्या लग्नात तशीच कमान उभारतात. दोन्ही मते अपुरी आहेत, आणि अपुऱ्या माहितीवर दुसऱ्या समाजाविषयी निवाडा देणे हे अभ्यासू माणसाचे लक्षण नव्हे.

आरंभ आकड्यांपासून करणे बरे. दुसरे महायुद्ध संपल्यानंतर लाखो सैनिक घरी परतले आणि १९४६ साली अमेरिकेत सुमारे २३ लाख विवाह झाले. त्या वेळी त्या देशाची लोकसंख्या १४ कोटींच्या आसपास होती. पुढे लोकसंख्या ३३ कोटींवर गेली. तरीही २०२२ साली नोंदले गेलेले विवाह होते २० लाख ६६ हजारांच्या घरात. दर हजार लोकसंख्येमागे १९४६ मध्ये १६.४ विवाह होत, ते २००० साली ८.२ झाले आणि २०२३ साली ६.१. म्हणजे माणसे दुपटीहून अधिक वाढली आणि लग्ने मात्र पाऊण शतकापूर्वी होती त्याहून कमी झाली.

आता याच चित्राची दुसरी बाजू पाहावी. 'द नॉट' ही विवाहविषयक सेवा पुरवणारी तेथील मोठी कंपनी दरवर्षी आपल्या ग्राहकांची पाहणी करते. तिच्यानुसार २०२३ साली एका विवाहसमारंभाचा सरासरी खर्च ३५ हजार डॉलर होता. आपल्या हिशेबाने सुमारे तीस लाख रुपये. त्याच वर्षी अमेरिकेतील मध्यम कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८० हजार ६०० डॉलरच्या आसपास होते. एका दिवसाच्या सोहळ्यासाठी साऱ्या घराची पाच महिन्यांहून अधिक कमाई!

लग्ने घटत आहेत आणि लग्नाचा सोहळा मात्र फुगत आहे. सामान्य व्यवहारात एखाद्या वस्तूची मागणी घटली की तिची किंमत उतरते. येथे उलटे का घडावे, हा प्रश्न विचारला म्हणजे अमेरिकी विवाहाच्या अंतरंगात शिरण्याची वाट सापडते.

जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील समाजशास्त्रज्ञ अँड्र्यू चर्लिन यांनी २००४ साली एक निबंध लिहिला आणि त्यातून हे कोडे बऱ्याच अंशी उलगडले. त्यांच्या प्रतिपादनाचा गाभा आपल्या भाषेत सांगायचा तर असा : पूर्वी विवाह हा आयुष्याच्या इमारतीचा पाया होता, आता तो कळस झाला आहे. पाया आधी घातला जातो; हाती फारसे काही नसताना, पुढे काय उभे राहील याचा भरवसा नसताना. कळस मात्र सारे बांधकाम पुरे झाल्यावर चढतो, आणि तो चढवण्याचा समारंभ होतो.

पाया घालण्याचे दिवस कसे होते? १९५६ साली अमेरिकेत प्रथम विवाहाचे मध्यम वय पुरुषांचे साडेबावीस आणि स्त्रियांचे वीस होते. निम्म्या वधू जेमतेम विशीच्या उंबरठ्यावर होत्या. शिक्षण संपते न संपते तोच मुलगा कारखान्यात वा कचेरीत चिकटे, चर्चमध्ये लग्न लागे, नंतर चर्चच्याच तळघरात केक आणि सरबत देऊन पाहुण्यांची बोळवण होई आणि ते जोडपे भाड्याच्या दोन खोल्यांत संसार मांडी. घर, मोटार, बँकेतील शिल्लक हे सारे नंतर, दोघांनी मिळून. हे चित्र आपल्या आजी-आजोबांच्या संसाराहून फार निराळे नव्हे. मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. पन्नासचे ते दशक अमेरिकेच्या इतिहासातही अपवादात्मकच होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तेथील पुरुष सव्विशीच्या सुमारास लग्न करीत. त्यामुळे 'पूर्वी सगळे ठीक होते' असे म्हणताना कोणत्या 'पूर्वी'विषयी बोलत आहोत, हे पाहिलेले बरे.

पुढच्या दोन दशकांत तो पाया हलला. १९६० मध्ये गर्भनिरोधक गोळीला मान्यता मिळाली, स्त्रिया मोठ्या संख्येने महाविद्यालयांत आणि नोकऱ्यांत आल्या. १९६९ साली कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर रोनाल्ड रीगन यांनी दोष सिद्ध न करता घटस्फोट देणाऱ्या कायद्यावर सही केली आणि १ जानेवारी १९७० पासून तो अमलात आला. परंपरावाद्यांचे लाडके म्हणून पुढे गाजलेल्या नेत्याच्याच हातून हे घडले, हा इतिहासाचा एक विनोदच. हळूहळू इतर राज्यांनीही तोच मार्ग धरला. १९८१ साली घटस्फोटाचे प्रमाण दर हजारी ५.३ या शिखरावर पोहोचले. आपल्याकडे आजही जी चर्चा चालते ती या शिखरावरच अडकलेली आहे. वस्तुतः त्यानंतर घटस्फोट सतत कमी होत गेले आणि २०२२ मध्ये ते प्रमाण दर हजारी २.४ इतके खाली आले.

मग अमेरिकी कुटुंब सावरले म्हणायचे काय? इतक्या लवकर समाधान मानता येत नाही. घटस्फोट घटले याचे एक मोठे कारण असे की, ज्यांचे लग्न मोडण्याची शक्यता अधिक, ते आता लग्नच करीत नाहीत. प्रथम विवाहाचे मध्यम वय २०२३ साली पुरुषांचे ३०.२ आणि स्त्रियांचे २८.४ झाले. प्यू संशोधन केंद्राने दिलेल्या माहितीनुसार २०२१ साली चाळीस वर्षे वयाच्या अमेरिकनांपैकी २५ टक्के असे होते की, ज्यांचे कधीच लग्न झालेले नव्हते. १९८० मध्ये हेच प्रमाण होते सहा टक्के. लग्नावाचून एकत्र राहणे हा अपवाद न राहता नियम झाला. प्यूच्याच २०१९ च्या अहवालात १८ ते ४४ वयोगटातील ५९ टक्के लोक कधी ना कधी जोडीदारासह विवाहाविना राहिलेले होते, तर कधी ना कधी विवाह केलेले होते ५० टक्के. मुले जन्माला येण्यासाठीही विवाहाची वाट पाहिली जात नाही. १९६० साली शंभरांतील पाच बालके अविवाहित मातांची असत. २००८ पासून हे प्रमाण चाळीसच्या आसपास स्थिर आहे.

एवढे वाचून पहिल्या मताचे लोक म्हणतील, 'पाहा, आम्ही सांगतच होतो.' पण येथेच खरी गंमत आहे. एकत्र राहून झाले, घर घेऊन झाले, कित्येकदा मूलही झाले, आणि तरीही त्या तरुणांना लग्न करायचे असते. सामाजिक सक्ती जवळजवळ संपली असताना लग्न करण्याची इच्छा शिल्लक राहिली. मात्र तिचा अर्थ पालटला. लग्न ही सुरुवात न राहता 'आमचे सारे जुळले' अशी जाहीर ग्वाही झाली. शिक्षणाचे कर्ज बरेचसे फिटलेले असावे, दोघांच्या नोकऱ्या स्थिर असाव्यात, घर असावे, एकमेकांच्या स्वभावाची पुरती पारख झालेली असावी, मग लग्न. साहजिकच ही ग्वाही चार लोकांच्या नजरेत भरेल अशी द्यावी लागते. आणि जेथे नजरेत भरण्याची गरज निर्माण होते, तेथे बाजार आपोआप हजर होतो.

या बाजाराची घडण पाहण्यासारखी आहे, कारण आज आपण ज्यांना अमेरिकी 'परंपरा' समजतो त्यांतील बऱ्याचशा दुकानदारांनी घडवलेल्या आहेत. पांढऱ्या पोशाखाचे उगमस्थान म्हणून १८४० मधील राणी व्हिक्टोरियाच्या विवाहाकडे बोट दाखवले जाते. पण त्यानंतर कित्येक दशके सामान्य अमेरिकी वधू आपल्याजवळचा त्यातल्या त्यात चांगला रंगीत पोशाखच घालीत असे, कारण तो पुन्हा वापरता येई. आहेराची यादी दुकानात नोंदवून ठेवायची आणि पाहुण्यांनी त्यातूनच वस्तू निवडायच्या, ही पद्धत १९२४ साली शिकागोच्या मार्शल फील्ड्‌स या दुकानाने रूढ केली. सोय होती यात शंका नाही. चार-चार सारखी चहाची किटली येण्याचे टळले. पण आहेर देणाऱ्याने काय द्यावे हे घेणाऱ्याने आधी लिहून ठेवायचे, आणि ते कोठून घ्यावे हे दुकानाने सांगायचे, असा तो व्यवहार झाला. आता त्या यादीत वस्तूंच्या जोडीला मधुचंद्राच्या प्रवासासाठी रोख वर्गणीही असते.

सर्वांत बोधप्रद कथा हिऱ्याच्या अंगठीची. १९३० च्या दशकातील मंदीत हिऱ्यांचा खप ढासळला होता. तेव्हा द बीअर्स या दक्षिण आफ्रिकेतील हिरे कंपनीने १९३८ मध्ये एन. डब्ल्यू. आयर या अमेरिकी जाहिरात संस्थेला कामाला लावले. चित्रपटतारकांच्या बोटांत हिरे दिसू लागले, माध्यमिक शाळांत मुलींसमोर हिऱ्यांविषयी व्याख्याने होऊ लागली. १९४७ साली त्या संस्थेतील फ्रान्सिस गेरेटी या लेखिकेने हिरा चिरंतन आहे अशा अर्थाचे ते प्रसिद्ध घोषवाक्य लिहिले. या बाईंनी स्वतः कधीच लग्न केले नाही. पुढे १९८० च्या दशकात त्याच कंपनीच्या जाहिरातींनी अमेरिकी तरुणाला 'दोन महिन्यांचा पगार अंगठीवर खर्च करावा' असेही शिकवले. एका पिढीत जाहिरात होती, दुसऱ्या पिढीत ती रीत झाली आणि तिसऱ्या पिढीला ती सनातन वाटू लागली.

आता याच हिऱ्याला उतरती कळा लागली आहे. २०१८ साली अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाने हिऱ्याच्या व्याख्येतील 'नैसर्गिक' हा शब्द काढून टाकला. प्रयोगशाळेत घडवलेला हिरा रासायनिकदृष्ट्या हिराच असतो आणि किमतीला कितीतरी स्वस्त पडतो. 'द नॉट'च्या अलीकडच्या पाहणीत साखरपुड्याच्या निम्म्याहून अधिक अंगठ्यांत असेच हिरे आढळले. या घडामोडीचा धागा थेट आपल्यापर्यंत येतो. जगातील बहुतेक हिऱ्यांना पैलू सुरतेत पडतात आणि त्यांचा मोठा व्यापार मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातील भारत डायमंड बोर्समधून चालतो. अमेरिकेतील एखादी मुलगी कोणती अंगठी पसंत करते, यावर सुरतेतील रत्नकलाकाराच्या घरची चूल अवलंबून असते. प्रयोगशाळेतील हिरेही सुरतेत मोठ्या प्रमाणावर तयार होतात. जून २०२३ मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी जिल बायडेन यांना साडेसात कॅरटचा असाच हिरा भेट दिला होता. परंतु नव्या उद्योगाने दिलेले काम जुन्या कारागिराला मिळतेच असे नाही.

अंगठीनंतर खरा खर्च सुरू होतो. साखरपुडा ते विवाह यांत सरासरी सव्वा वर्षाचे अंतर पडते, कारण चांगल्या शनिवारच्या तारखा आधीच भरलेल्या असतात. शेतातले जुने लाकडी कोठार रंगवून, त्यात दिव्यांच्या माळा सोडून 'साधेपणा'ची हौस भागवणारी मंगल कार्यालये तयार झाली आहेत, आणि हा साधेपणा स्वस्त नसतो. छायाचित्रकार, चलच्चित्रकार, फुलवाला, संगीत लावणारा, केक करणारा, केशभूषा करणारी, आणि या साऱ्यांची मोट बांधणारा व्यवस्थापक. प्रत्येकाचे वेगळे करारपत्र, आगाऊ रक्कम, वर सेवाशुल्क आणि बक्षिसी. 'लग्न' हा शब्द उच्चारला की तोच दिवाणखाना, तीच फुले आणि तोच केक महाग होतो, ही तेथील तरुणांची नेहमीची तक्रार आहे. करवल्यांचीही सुटका नाही. वधूने ठरवलेल्या रंगाचा पोशाख त्यांनी स्वखर्चाने शिवायचा, लग्नाआधीच्या मैत्रिणींच्या सहलीचा विमानप्रवास स्वतः करायचा. तिशीतील एखाद्या मुलीच्या वर्षाकाठी तीन मैत्रिणींची लग्ने निघाली तर तिची बचत संपते. पूर्वी वधूपिता खर्च करी. आता जोडपी स्वतः मोठा वाटा उचलतात, आणि बँका 'विवाहकर्ज' म्हणून वेगळे कर्ज देऊ करतात.

या बाजाराचे आकडेही सावधपणे घ्यायला हवेत. विवाहविषयक संकेतस्थळावर नाव नोंदवणारी जोडपी मुळातच खर्चिक असण्याचा संभव असतो. शिवाय सरासरी काढताना लक्षाधीशांची चार लग्ने साऱ्यांचा आकडा वर खेचतात. २०१२ साली सरासरी खर्च २७ हजार ४२७ डॉलर असल्याचे जाहीर झाले होते. परंतु त्याच माहितीतील मधले जोडपे घेतले, तर खर्च होता १८ हजार ८६ डॉलर. जाहिरातीत मात्र सरासरीच झळकते. सामान्य घरातल्या मुलीला वाटते की, आपण लोकांपेक्षा कमी करीत आहोत. करोनाकाळात २०२० मध्ये विवाह १७ लाखांच्याही खाली गेले. तेव्हा २०२२ साली २५ लाख लग्नांची लाट येणार असे बाजाराचे भाकीत होते. वर दिलेला सरकारी आकडा सांगतो की, त्यात चार लाखांहून अधिकांची तूट पडली. नववधूंच्या पोशाखांची 'डेव्हिड्स ब्रायडल' ही मोठी दुकानसाखळी २०१८ आणि २०२३ अशी दोनदा दिवाळखोरीच्या कायद्याच्या आश्रयाला गेली. बाजाराने लग्न महाग केले आणि महाग लग्नाने ग्राहक कमी केले.

परंतु हा सारा झाला ज्यांना परवडते त्यांचा प्रश्न. ज्यांना परवडत नाही त्यांचे काय, हा या विषयाचा सर्वांत दुःखद भाग आहे आणि आपल्याकडील चर्चेत तो जवळजवळ नसतोच.

कॅथरिन एडिन आणि मारिया केफलास या दोन समाजशास्त्रज्ञांनी फिलाडेल्फिया आणि शेजारच्या कॅम्डेन शहरातील गरीब वस्त्यांमधून कित्येक वर्षे काम केले, १६२ एकट्या मातांशी दीर्घ संभाषणे केली आणि २००५ साली त्यावर पुस्तक लिहिले. त्यांत गोऱ्या होत्या, कृष्णवर्णीय होत्या, प्युएर्तो रिकोमधून आलेल्या होत्या. या मुली विवाहाला तुच्छ लेखत असतील असे वाटणे स्वाभाविक आहे. आढळले नेमके उलट. विवाहाविषयी त्यांच्या मनात इतका आदर होता की, त्या तो करण्यास धजावत नव्हत्या! आधी राहते घर हवे, त्यात सामान हवे, एखादी मोटार हवी आणि थोडी शिल्लक हवी, म्हणजे लोकांना बोलावून बरेसे लग्न करता येईल, असे त्या सांगत. लग्न करून ते मोडणे ही त्यांच्या दृष्टीने मोठी नामुष्की होती. लग्नाविना मूल होणे ही नव्हती. मातृत्व गरिबालाही मिळू शकते, ते त्यांनी घेतले. विवाह ऐपतीची गोष्ट ठरला, तो त्यांनी पुढे ढकलला आणि बहुतेकींच्या बाबतीत तो पुढेच राहिला.

परिणामी अमेरिकेत विवाह हीच वर्गभेदाची रेषा झाली आहे. महाविद्यालयीन पदवी घेतलेली जोडपी उशिरा का होईना लग्न करतात, त्यांची लग्ने टिकतात, त्यांची मुले आई-वडील दोघांच्या छायेत वाढतात. पदवीधर स्त्रियांच्या दर दहा बालकांपैकी साधारण एक विवाहाबाहेरचे असते. शालेय शिक्षण पुरे न केलेल्या स्त्रियांमध्ये निम्म्याहून बरीच अधिक. मेलिसा कर्नी या अर्थशास्त्रज्ञ बाईंनी २०२३ मध्ये यावर पुस्तकच लिहिले. दोन पालक असणे हा आता सुस्थितांचा विशेषाधिकार बनला आहे, हे त्यांचे म्हणणे. वर्तमानपत्रांतून आणि विद्यापीठांतून पारंपरिक कुटुंबाची टिंगल करणारा वर्ग आपल्या घरी मात्र तेच कुटुंब नेटाने सांभाळतो, हे यातून दिसते.

गरिबीच हटवली तर विवाह परत येतील काय? या प्रश्नाला अमेरिकी अभ्यासकांनी दिलेली उत्तरे परस्परविरोधी वाटतात, पण दोन्ही महत्त्वाची आहेत. डेव्हिड ऑटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये दाखवून दिले की, चिनी मालाच्या आयातीमुळे जेथे कारखाने बंद पडले, तेथे तरुण पुरुषांची मिळकत खालावली आणि विवाहही घटले. म्हणजे कामधंदा गेला की लग्न जाते. आता याची उलट बाजू. खडक फोडून तेल व नैसर्गिक वायू काढण्याचे नवे तंत्र आले तेव्हा अनेक परगण्यांत कमी शिकलेल्या पुरुषांनाही उत्तम पगार मिळू लागले. कर्नी आणि रायली विल्सन यांनी २०१८ साली त्याचा अभ्यास केला. जन्म वाढले, विवाह वाढले नाहीत. मौज अशी की, १९७० च्या दशकात अपालाचिया भागात कोळशाला तेजी आली होती, तेव्हा मात्र पगारांबरोबर विवाहही वाढले होते. तोच पैसा, तसेच कष्टकरी लोक. मधल्या काळात समाजाची समजूत बदलली होती. मोडलेला कारखाना दहा वर्षांत पुन्हा उभा राहू शकतो, मोडलेली रीत तितक्या सहजी उभी राहत नाही.

सरकारनेही प्रयत्न करून पाहिले. लुइझियाना राज्याने १९९७ मध्ये 'करारबद्ध विवाहा'चा पर्याय कायद्याने दिला. लग्नाआधी समुपदेशन सक्तीचे आणि घटस्फोट सहजी न मिळणारा, असा हा विवाह. ॲरिझोना आणि आर्कान्सा ही राज्ये मागोमाग गेली. पण तो स्वीकारणाऱ्यांची संख्या अगदी नगण्य राहिली. २००६ साली जॉर्ज बुश यांच्या कारकिर्दीत निरोगी विवाह आणि जबाबदार पितृत्व यांच्या उत्तेजनासाठी दरवर्षी १५ कोटी डॉलरची तरतूद झाली. त्याच धोरणातील एका प्रयोगात आठ ठिकाणच्या सुमारे पाच हजार अविवाहित जोडप्यांतील काहींना वर्ग भरवून संसाराचे शिक्षण दिले गेले, काहींना नाही. नंतर मोजदाद केली तेव्हा दोन्ही गटांत एकत्र राहण्याच्या वा विवाह करण्याच्या प्रमाणात एकंदरीत फरक दिसला नाही.

राज्यसंस्था असमर्थ ठरली आणि चर्च दुबळे झाले. कोणत्या तरी चर्च, सिनेगॉग वा मशिदीचे सदस्य असलेल्या अमेरिकनांचे प्रमाण गॅलपच्या पाहणीत १९९९ साली ७० टक्के होते, ते २०२० मध्ये ४७ टक्के झाले. २००९ मध्ये 'द नॉट'च्या ४१ टक्के जोडप्यांची लग्ने धर्मस्थळी लागली होती, २०१७ पर्यंत हा आकडा २२ वर आला. पाद्रीबुवांच्या जागी आता बऱ्याचदा एखादा मित्र उभा राहतो. कॅलिफोर्नियातील युनिव्हर्सल लाइफ चर्चसारख्या संस्थेकडून संगणकावर काही मिनिटांत, शुल्क न भरता 'पौरोहित्या'ची दीक्षा मिळते. मित्र चार विनोदी आठवणी सांगतो, वधूवर स्वतः लिहिलेली वचने वाचतात. त्यांत प्रांजळपणा असतो हे नाकारता येणार नाही. मात्र ते शब्द त्या दोघांचेच असतात; आधीच्या कोणी ते उच्चारलेले नसतात आणि पुढचे कोणी उच्चारणार नसते.

न्यू जर्सी वा कॅलिफोर्नियातील मराठी घरांना या दोन्ही जगांचा मेळ घालावा लागतो. मुहूर्तापेक्षा दालनाची वेळ पाळावी लागते, होमासाठी अग्निशमन विभागाचे नियम पाहावे लागतात, अक्षतांचे तांदूळ सांडू नयेत म्हणून बऱ्याच ठिकाणी फुलांच्या पाकळ्या वाटल्या जातात. वर अमेरिकी असेल तर गुरुजी सप्तपदीच्या प्रत्येक पावलाचा अर्थ इंग्रजीत सांगतात. आणि पुष्कळदा असे घडते की, तो अर्थ तेथे जन्मलेल्या मराठी वधूनेही प्रथमच ऐकलेला असतो. सर्वांत अवघड जाते ती आमंत्रणाची यादी. आपल्या पत्रिकेत 'सहकुटुंब सहपरिवार' असते. तेथील पत्रिकेत पाहुण्याचे नाव असते आणि सोबत एकालाच आणायचे की कोणालाच नाही, हेही असते. येणार की नाही ते आठवडेच्या आठवडे आधी कळवायचे, काय खाणार तेही कळवायचे. २०२३ च्या पाहणीत सरासरी पाहुणे होते ११५. खर्चाला पाहुण्यांनी भागले तर माणशी तीनशे डॉलरच्या वर जातात. अशा हिशेबात चुलत चुलत्याला जागा मिळणे कठीणच.

याच पाहुण्यांविषयी एमरी विद्यापीठातील अँड्र्यू फ्रान्सिस-टॅन आणि ह्यूगो मियालोन या अर्थशास्त्रज्ञांनी २०१४ साली एक निष्कर्ष मांडला. विवाह केलेल्या तीन हजारांहून अधिक अमेरिकनांना त्यांनी अंगठीचा खर्च, समारंभाचा खर्च, पाहुण्यांची संख्या आणि लग्न टिकले की नाही, असे सारे विचारले. पाचशे ते दोन हजार डॉलरची अंगठी देणाऱ्या पुरुषांच्या तुलनेत दोन ते चार हजारांची अंगठी देणाऱ्यांत घटस्फोटाचा धोका १.३ पट आढळला. समारंभावर वीस हजारांहून अधिक उधळणाऱ्यांतही धोका वाढलेला होता, आणि एक हजाराच्या आत लग्न उरकणाऱ्यांत तो कमी होता. पाहुण्यांच्या बाबतीत मात्र चित्र उलटे निघाले. जितकी माणसे अधिक, तितके लग्न टिकाऊ. हा परस्परसंबंध आहे, कार्यकारणभाव सिद्ध झालेला नाही, अशी दक्षता अभ्यासकांनी घेतली आहे आणि ती रास्त आहे. ज्याचा गोतावळा मोठा, त्याच्या संसाराला आधारही मोठा, एवढाच कदाचित त्याचा अर्थ असेल. तथापि कमी पैशांत अधिक माणसे जमवायची तर बायकांनी मिळून रांधावे लागते, शेजाऱ्यांनी खुर्च्या आणाव्या लागतात, मामाने मांडव घालावा लागतो. अमेरिकेत खर्च आटोक्यात आणू पाहणारे जोडपे व्यवस्थापकाकडे गेले, तर तो पहिला सल्ला देतो तो पाहुण्यांची यादी आखडती घेण्याचा.